अ‍ॅन्ट्रिमच्या किनाऱ्यावर: सोडा ब्रेड, आयरिश कॉफी आणि भरपूर झोप

आम्ही नॉर्दर्न आयर्लंडला गेलो ते निव्वळ थकलो होतो म्हणून. मी मँचेस्टरात एका आयटी प्रोजेक्टवर होतो, आणि पुढे पुढे ढकलल्या जाणाऱ्या रिलीजनं अर्धमेला झालो होतो. बायको, अनघा, हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टर. तिची नाइट संपली की माझा दिवस सुरू व्हायचा, त्यामुळे आमची भेट जिन्यात व्हायची. ऑक्टोबरात दोघांना एकदम सुट्टी मिळाली तेव्हा कुठंतरी जायलाच हवं असं मीच ठरवलं. इंडियन पासपोर्टवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो: डब्लिनला वेगळा व्हिसा लागतो, बेलफास्टला नाही, कारण ते यूकेतच येतं. आणखी एक फॉर्म भरायची ताकद नव्हती, म्हणून बेलफास्ट.

मँचेस्टरहून एम-सिक्स मोटरवेनं सरळ वर जायचं, कार्लाइलच्या पुढे ए-७५ धरायचा आणि स्ट्रॅनरारजवळच्या बंदरात फेरीबोटीत गाडी घालायची. ए-७५ बऱ्याच ठिकाणी एकेरी लेनचा आहे, पुढे लॉऱ्यांची रांग असते, ओव्हरटेकची आशा सोडून द्यावी. फेरीचं बुकिंग आधी केलं तर बरंच स्वस्त पडतं. सँडविचेस मात्र घरून न्या.

समुद्र खवळलेला होता. अनघा खिडकीशी डोळे मिटून बसली होती. मध्येच म्हणाली, "मला ही नोकरी सोडायचीय."

"सुट्टीत नको ना तो विषय," मी म्हणालो आणि कॉफी आणायला गेलो. परत आलो तेव्हा ती झोपली होती.

बेलफास्टहून बॅलीकॅसलकडे जाताना लार्नवरून किनाऱ्याचा रस्ता घ्या. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला हिरवे डोंगर, मधे लहान लहान गावं. हे सगळं मी एकट्यानं पाहिलं, कारण शेजारची सीट घोरत होती.

आमचं बी अँड बी, म्हणजे नाश्त्यासकट भाड्याची खोली देणारं घर, गावाबाहेर होतं. मालकीण मिसेस मॅकऑली, साठीच्या पुढच्या. "नोरीन म्हण," असं त्यांनी दारातच सांगितलं, पण तोंडात बसेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना नोरीनबाई करून टाकलं. अनघाकडे एकदा बघून त्यांनी बॅगा तिथंच ठेवायला लावल्या आणि हॉट व्हिस्की करून आणली. कृती अगदी सोपी: जाड ग्लासात चमचाभर साखर, लवंगा टोचलेली लिंबाची चकती, थोडी व्हिस्की आणि वर कढत पाणी. ओतताना ग्लासात चमचा राहू द्यायचा, म्हणजे काच तडकत नाही.

"काढाच आहे की हा," अनघा म्हणाली. अर्धा ग्लास प्यायली आणि वर जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. मी हाक मारली, पडदे उघडले. "तू जा ना," एवढंच ती म्हणाली. ब्रेकफास्ट भाड्यातच होता, तो मी एकट्यानं खाल्ला आणि जायंट्स कॉजवेला निघालो. समुद्रात उतरत गेलेले हजारो षटकोनी दगडी खांब, फोटोत दिसतात त्याहून कितीतरी काळे आणि निसरडे. चांगले बूट घाला. पाऊस आडवा येत होता, छत्री उलटी झाली. एका जपानी जोडप्यानं आपला फोटो काढायला माझ्या हातात कॅमेरा दिला, तेव्हा मला अनघाचा भयंकर राग आला.

दुपारी परतलो, तरी ती झोपलेलीच. मी खोलीचं दार मुद्दाम आपटलं. ती हलली नाही.

खाली नोरीनबाईंनी माझे ओले मोजे पाहिले आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. ग्लास गरम पाण्यानं विसळला, त्यात ब्राऊन शुगर, कडक काळी कॉफी आणि व्हिस्की घालून नीट ढवळलं. मग किंचित फेटलेलं क्रीम चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलं. "साखर विसरलास तर क्रीम बुडतं," त्या म्हणाल्या. "आणि आता ढवळू नकोस. क्रीममधूनच प्यायची."

"इतक्या लांब येऊन नुसती झोपलीय," मी तक्रार केली.

"मग झोपायलाच आली असेल. काय करते ती?"

"डॉक्टर आहे."

"दमायला होत असेल. काय म्हणते कामाबद्दल?"

फेरीवर ती जे म्हणाली होती ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि ऐकून आपण काय केलं ते आठवलं. ते न सांगता विचारलं, "उद्या तिचा ब्रेकफास्ट मी केला तर चालेल?"

"साडेसातला ये. हात धुऊन."

तिकडच्या भरगच्च नाश्त्याला अल्स्टर फ्राय म्हणतात. बेकन, सॉसेज, अंडी, टोमॅटो, मश्रूम हे असतंच, पण खरी मजा तव्यावरच्या दोन ब्रेडमध्ये. सोडा ब्रेडला मैदा, मीठ, खायचा सोडा आणि ताक. मी सवयीनं कणकेसारखं तिंबायला लागलो.

"अरे, भांडतोयस का त्याच्याशी?" नोरीनबाई ओरडल्या. "जेमतेम गोळा झाला की सोड."

गोळा हातानं थापायचा, चार चतकोर करायचे आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून भाजायचे. बटाट्याच्या ब्रेडला गरम उकडलेला बटाटा, लोणी, मीठ आणि मूठभर मैदा. तो पातळ लाटायचा. मग दोन्ही बटरमध्ये परतायचे. माझे पहिले चतकोर करपले, ते मीच खाल्ले. अनघा अंड्याच्या पुढे जात नाही, म्हणून तिच्या ताटलीत दोन अंडी, मश्रूम, टोमॅटो आणि ब्रेड, शिवाय दुधाचा कडक चहा.

ट्रे घेऊन वर गेलो. ती उशीला टेकून बसली आणि सगळं खाल्लं. ताटलीतलं बटरसुद्धा ब्रेडनं पुसून घेतलं.

"तू केलंस?"

"हो. अनघा, परवा तू काय म्हणत होतीस?"

तिनं कप ट्रेमध्ये ठेवला. "हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये पोचते ना, तेव्हा गाडीतून उतरवत नाही. मग आत जाते आणि सगळं नीट करते. कुणाला कळत नाही. तुलाही नाही कळलं."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"सोड," मी म्हणालो.

"आणि घर घ्यायचंय त्याचं काय?"

"भाड्याच्या घरात राहतोच आहोत की."

ती रडली. मीही रडलो. चहा गार झाला. त्या दिवशी आम्ही काही पाहिलं नाही, बॅलीकॅसलच्या किनाऱ्यावर बाकावर बसून राहिलो. यादीतला झुलता पूल राहूनच गेला. निघताना अनघानं नोरीनबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. "नीट झोपलीस?" त्यांनी विचारलं. "खूप," ती म्हणाली.

परतीचा प्रवास तितकाच लांब, ए-७५ तितकाच कंटाळवाणा. एका सहलीनं थकवा गेला असं मी सांगणार नाही. अनघानं नोटीस दिली, ती संपेपर्यंतचे आठवडे कठीण गेले. माझा रिलीज अजून व्हायचाच आहे. पण रविवारी सकाळी आमच्या पोळ्यांच्या तव्यावर सोडा ब्रेड भाजला जातो. दुकानातलं बटरमिल्क नसेल तर दह्याचं ताक उत्तम चालतं. अनघा आता वॉर्डमधल्या जुन्या गोष्टी सांगते, चांगल्या आणि वाईटही, आणि मी कॉफी आणायला उठत नाही.

गेल्या रविवारी पुण्याहून तिच्या बाबांचा फोन आला. ते स्वतः डॉक्टर, लेकीच्या निर्णयानं हादरलेले. स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "अगं, नोकरी सोडून तू आता करणार तरी काय आहेस?"

अनघानं तोंडातला घास शांतपणे संपवला.

"नाश्ता करतेय, बाबा," ती म्हणाली. "झाला की फोन करते."

आणि तिनं आणखी एक चतकोर घेतला.