नाकवाल्याचा मास्क

गाड्यांना रंग मारणाऱ्या त्या माणसाला गॅरेजात सगळे नाकवाला म्हणत. रंगात थिनर किती पडलं हे तो नुसत्या वासावर सांगायचा, आणि त्यासाठी मास्क हनुवटीवर ओढून ठेवायचा. मालक ओरडून ओरडून थकला, पण हा ऐकेल तर शपथ! चार लोकांनी वाहवा केली की माणूस किती फुगतो बघा.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. त्याची तपासणी दोनदा झाली. शुक्राणूंची संख्या चांगली, हालचालही चांगली. झालं, सगळं बायकोच्या माथी! इंजेक्शनं तिनं टोचून घेतली, सासूचे टोमणे तिनं गिळले, आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून जेवत राहिला.

आज नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आणखी खोलातल्या तपासणीचा अहवाल दोघांपुढे ठेवला. जनुकं जागच्या जागी आहेत, पण कुठलं कधी चालू, कधी बंद, हे ठरवणाऱ्या त्यांच्यावरच्या खुणा विस्कटल्यात, असं त्या म्हणाल्या. गर्भ न राहण्याचं ते एक कारण असू शकतं. तंबाखूनं, रसायनांच्या वाफेनं असं होऊ शकतं. मात्र शुक्राणू सतत नवे तयार होतात, तेव्हा वाफ टाळली तर काही महिन्यांत फरक पडूही शकतो. मग त्यांनी विचारलं, कामावर मास्क लावता ना?

"लावतो की, रोज," हा म्हणाला. जीभ कशी रेटली कोण जाणे! मग बाई विचारात पडल्या आणि म्हणाल्या, म्हणजे वाफेचं कारण दिसत नाही, तर उद्या बायकोला भूल देऊन पुन्हा एकदा आतून बघू.

घरी आईनं दारातच सुरू केलं, आता हिची कसली तपासणी निघाली म्हणून. तो मध्येच बोलला.

"आई, तिला बोलू नकोस. बिघाड माझ्यात आहे."

आई मटकन खाली बसली. त्याला वाटलं, सुटलो एकदाचा.

बायकोनं आतून त्याचा मास्क आणला. सुट्टीच्या दिवशी तो धुवायला घरी यायचा. बाहेरून रंगाचे शिंतोडे, आतली गाळणी पांढरी शुभ्र.

"ही कधी मळलीच नाही," ती म्हणाली. "मघाशी शेजारी बसून वाट बघत होते, आज तरी खरं सांगाल म्हणून. उद्या भूल मला द्यायचीय."

तिनं फोन त्याच्यापुढे ठेवला. त्यानं बाईंचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली.