चार महिने दहा दिवस

नवरा गेला आणि त्यांच्या नावावरचा माझा व्हिसाही गेला. दुबईत विधवेला मुलांसह वर्षभर राहायची सवलत मिळते, तेवढ्यात नोकरी धरून स्वतःचा व्हिसा करायचा. वर्ष मोजतात मृत्यूच्या तारखेपासून. मुलगी तेव्हा नववीत होती. तिची दहावीची परीक्षा होईपर्यंत टिकायचं, याहून जास्त मला काही नको होतं.

सवलतीचे कागद दिराने केले. व्हिसाच्या मेडिकल तपासणीपुरती मी एकदा बाहेर पडले, ते रत्नागिरीला सासूला कधी कळू दिलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात आमच्या अल कुसैसच्या इमारतीखालच्या पाळणाघरातल्या मल्याळी मॅडमचा फोन आला. "दीदी, असिस्टंट की जगह खाली है. कल आ जाओ, वर्क परमिट हम निकालेंगे."

मी म्हटलं, "मॅडम, मैं इद्दत में हूँ." चार महिने दहा दिवस विधवेने घरातच बसायचं, ही आमची रीत. सासू रोज फोनवर विचारायची, "बाहेर नाही ना पडलीस?" आणि मी मोठ्या तोऱ्यात नाही म्हणायची.

इद्दत संपली त्या सकाळी पाळणाघरात गेले. तिथं दुसरी बाई मुलांना भरवत होती. "खलास, दीदी," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मग पार देरा भागातल्या बाजारापर्यंत किती उंबरठे झिजवले. व्हिसा कधीपर्यंत आहे हे ऐकलं की समोरचा माणूस घड्याळ बघायचा.

पुढे एका मौलवीसाहेबांशी बोलताना विषय निघाला. ते म्हणाले, "पोटासाठी दिवसा बाहेर पडायला मनाई नव्हती. विचारलं का नाहीत?" मला राग आला तो माझाच. विचारायची भीती वाटली होती, लोक काय म्हणतील याची. दुःखातही मला शहाणी सून म्हणवून घ्यायचं होतं.

मुदत वाढवायचा अर्जही परत आला. नवऱ्याच्या वरसीला आमचा शेवटचा दिवस भरला, परीक्षेला सहा आठवडे उरले असताना. "बट माय सेंटर इज हिअर, अम्मी," मुलगी म्हणाली. मी तिच्या बॅगेत पुस्तकं भरत राहिले.

रत्नागिरीला पोचलो तेव्हा घरात बायका जमल्या होत्या. सासू सगळ्यांना सांगत होती, "दुबईत राहून हिने इद्दतीत उंबरठा नाही ओलांडला." मुलगी बॅगेवर बसून माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली, आणि बायकांना वाटलं मी लाजले.