पान चौऱ्याऐंशीवरची पृथ्वी

रेघबाईंनी आयुष्यात एकही ज्वालामुखी पाहिला नव्हता, पण उभे चिरलेले ज्वालामुखी डझनावारी काढले होते. पृथ्वीच्या पोटातले थर, चंद्राच्या कला, समुद्रावरून ढगांकडे निघालेले वाफेचे बाण, सगळं त्यांच्या हातचं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी त्यांचं तिरकं टेबल होतं आणि तिथे एकतीस वर्षं त्यांचंच राज्य. खरं नाव पगारपत्रकापुरतं. रेघ अशी सरळ की पट्टीने लाजावं, म्हणून सगळे रेघबाई म्हणत. त्या टेबलावर कुणी चहाचा कप टेकवला तर बाई बोलत काही नसत, नुसतं कपाकडे बघत. कप आपोआप उचलला जाई.

एवढ्या चित्रांत लाडकं एकच. सातवीचं विज्ञान, पान चौऱ्याऐंशी: आत सूर्य, भोवती लांबट कक्षा, तिच्यावर चार ठिकाणी चार पृथ्व्या आणि प्रत्येकीशेजारी ऋतूची माहिती. नोकरीतलं हे त्यांचं पहिलं चित्र. पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या, लेखक बदलले, कागद बदलला, चित्र मात्र जागचं हललं नाही. सहावी आवृत्ती बुधवारी छपाईला जाणार होती आणि महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. आपण गेलो तरी पान चौऱ्याऐंशी राहणार, हे बाई कचेरीत सगळ्यांना ऐकवत. कुणी विचारलं नसलं तरी.

रविवारी दुपारी भाची आली. ही बहिणीची मुलगी, शाळेत विज्ञान शिकवते. तिने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मावशीच्या जेवणाच्या टेबलावर टाकला.

"मावशी, उन्हाळ्यात जास्त का तापतं, असा प्रश्न होता. त्रेपन्नांपैकी एक्केचाळीस पोरांनी लिहिलंय, तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून."

"मग नीट शिकव. वर्गात काय गोट्या खेळतेस?"

"घसा फोडून सांगते गं. पृथ्वीचा आस कललेला आहे, आपली बाजू सूर्याकडे झुकते तेव्हा ऊन सरळ पडतं, दिवस मोठा होतो, म्हणून तापतं. अंतराचा संबंध नाही. पोरं माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा जवळचं लिहितात." मग तिने एक पेपर काढून हळूच पुढे सरकवला. एका मुलीने उत्तराखाली टीप दिली होती: पाहा पान ८४.

झालं, बाईंचा पारा चढला. काल नाक पुसायला शिकलेली पोर आज मला चित्र शिकवणार, इथवर मजल गेली. भाची चहा न घेताच निघाली आणि दारातून एवढंच म्हणाली, "नऊ वर्षं सांगेन सांगेन म्हणत होते. तू निवृत्त झालीस की ते चित्र बदलणार कोण?"

खोटं कशाला बोला, बाईंना चांगलंच झोंबलं. भाचीला खोटं पाडायला म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. समोरच्याच पानावर आकडे होते: पृथ्वी सूर्याच्या जवळात जवळ चौदा कोटी सत्तर लाख किलोमीटर, लांबात लांब पंधरा कोटी वीस लाख. हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. चित्रकाराने मजकूर वाचायचा नसतो, मजकुराला जागा सोडायची असते, असं कचेरीतल्या नव्या पोरींना शिकवत आल्या होत्या.

त्यांनी फळी घेतली, दोन टाचण्या, दोऱ्याचा फास. आकड्यांच्या हिशोबाने तीस सेंटीमीटर रुंद कक्षा काढायची तर टाचण्यांमध्ये जेमतेम अर्धा सेंटीमीटर अंतर आलं. दोऱ्यातून पेन्सिल फिरवली. मग त्यावरच कंपासने वर्तुळ काढलं. दोन रेघा वेगळ्या दिसेनात. त्यांच्या चित्रातली कक्षा मात्र वीस सेंटीमीटर लांब आणि आठ रुंद होती.

तेव्हा आठवलं. कक्षा लांबट काढली, कारण ताट बाजूने बघितलं की लांबट दिसतं. पण बाजूने बघतोय असं लिहिलं कुठे होतं? आणि सूर्य? कक्षेच्या आत उजवीकडे हिवाळ्याच्या तीन ओळी मावत नव्हत्या, म्हणून बाईंनी सूर्य दोन बोटं डावीकडे सरकवला होता. डावीकडे होता उन्हाळा. शिवाय पुस्तकातल्या त्या आकड्यांखाली लिहिलं होतं, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे ऐन थंडीत. चुकलं ते चुकलं, तेही उलटं. सोमवारी बाई दिवसभर नवीन चित्र काढत बसल्या.

मंगळवारी ते घेऊन त्या संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक चाळिशीचे, टाळूवर केस विरळ होत चाललेले, तीन वर्षांपूर्वी आलेले.

"बाई, उद्या छपाई," साहेब म्हणाले. "चित्र बदलायचं तर दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागतो. चूक काय, कोणाची, सगळं लिहायचं आणि ते तुमच्या फायलीला लागणार. शेवटच्या आठवड्यात आपल्याच पायावर कशाला धोंडा पाडून घेता?"

"चित्र चुकलंय, साहेब."

साहेबांनी जुनं पान जवळ घेतलं, लांब धरलं. त्यांना खरंच काही सापडेना. "काय चुकलंय? उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, ते स्पष्ट दिसतंय की."

बाई खुर्चीवर बसल्या. "तुम्ही सातवीत कोणत्या साली होता?"

त्यांनी सांगितलं. बाईंनी मनात हिशोब केला. चित्र तेव्हा चार वर्षांचं होतं.

मग त्यांनी टेबलावरचा दिवा ओढला आणि त्याखाली लिहायचं पॅड सपाट धरलं. उजेडाचा लहानसा, लखलखीत गोल पडला. पॅड तिरकं केलं. गोल लांबला, पसरला, फिका झाला. "दिवा तोच, अंतर जवळजवळ तेवढंच," बाई म्हणाल्या. "ऊन सरळ पडलं तर उन्हाळा, तिरकं पडून पसरलं तर हिवाळा. बाकी काही नाही."

साहेबांनी पॅड हातात घेऊन स्वतः तीनदा तिरकं केलं. "सातवीत याच उत्तराला मला पूर्ण मार्क मिळाले होते, बाई," ते म्हणाले. "सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं."

बाईंनी दिवा जागेवर सरकवला. चूक पोरांनी केली, बापांनी केली, मास्तरांनी केली आणि कुणाच्या लक्षात आली नाही, कारण चित्र सुबक होतं.

साहेबांनी फॉर्म काढला. 'चूक कोणाची' यापुढे तीन चौकोन होते: लेखक, मुद्रक, चित्रकार. "मुद्रकावर खूण करा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तो छापखाना कधीचा बंद झालाय. कुणाला काय फरक पडतो?"

बाईंनी चित्रकारावर खूण केली. 'केव्हापासून' या रकान्यात लिहिलं, एकतीस वर्षं. खाली सही केली आणि फॉर्म त्यांच्याकडे वळवला. वरच्या अधिकाऱ्यांना त्या उभ्या जन्मात अहोजाहोशिवाय बोलल्या नव्हत्या.

"माझं चुकलं रे, बाळा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी बाईंच्या सहीखाली आपली सही केली.