खुर्ची घेऊन फिरणारा माणूस

"मम्मी, माझा पासपोर्ट दे ना. ऑफिसने मागितलाय, व्हिसाचं रिन्यूअल असेल," लेक सकाळी म्हणाली. मी कपाट उघडलं. कागदांच्या पिशवीला लोबानचा वास होता, आणि लेक शाळेत होती तेव्हाची एक संध्याकाळ समोर उभी राहिली.

त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या ऑफिसनेही पासपोर्ट मागितला होता. त्याचा व्हिसा वाढणार म्हणून मीच तो हौसेनं काढून दिला. संध्याकाळी आम्ही मस्कतमधल्या एका हॉलमध्ये स्वीडिश सिनेमा बघायला गेलो. पडद्यावर कोट घातलेला एक माणूस स्वतःची खुर्ची उचलून ऑफिसभर फिरत होता. जिथे ठेवायला जाई, तिथले लोक अदबीनं म्हणत, "इथे नको." अख्खा हॉल हसत होता. मी तर हसून हसून बेजार झाले होते.

मिलिंद मात्र पुढे सरकून बसला होता. मी त्याला कोपरानं ढोसलं, "अरे, हस की! कॉमेडी आहे."

पडद्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं, "शेवटी ह्याला बसायला देतात का गं?"

त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मला वाटलं, एसी बिघडलाय. नोकरी गेली, पासपोर्ट व्हिसा कॅन्सल करायला मागितलाय, हे ऑफिसनं त्याला दुपारीच सांगितलं होतं, ते मला चार दिवसांनी कळलं. पुढे दुसरी नोकरी मिळाली म्हणून आम्ही इथे मस्कतमध्येच राहिलो.

"मम्मी, मिळाला का?" लेक दारातून विचारते.

पासपोर्ट माझ्या हातातच आहे.

"शोधतेय," मी म्हणते.