बारा ते दोनचा पहारा

कानिफनानांच्या दहाव्याला माईक हातात घेऊन सप्ता कमिटीचे अध्यक्ष श्रीमंतबापू म्हणाले, "नाना म्हणजे अजातशत्रू माणूस. उभ्या जन्मात कुणाला दुखावलं नाही."

नातीच्या, स्नेहलच्या खांद्याला टेकून बसलेल्या नानांच्या बायको छबूबाई अर्ध्याच तोंडानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "लबाड बोलू नगा, भाऊजी. तुमालाच किती डाव दुखावलंय त्यांनी."

दहाव्याला हसू नये, पण लोक हसले.

तेव्हा खरं लिहायला हवं. सोनईच्या शिवेवरच्या आमच्या गावात नानांनी दुखावलं नाही असं घर सापडायचं नाही. तीस वर्षं ते मुळेच्या पाटावर पाटकरी होते. खांद्यावर खोरं, पायाला चिखल, आणि कुणाच्या चारीला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात. एका उन्हाळ्यात सख्ख्या मेव्हण्याचा ऊस माना टाकायला लागला. त्यानं दारात येऊन बहिणीला साकडं घातलं. छबूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नाना भाकरी मोडत म्हणाले, "बारी परवा हाय. परवा देतो." मेव्हणा तणतणत गेला. छबूबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनीच भावाला निरोप धाडला, "ह्यांचं बराबर हुतं."

देवाच्या कामातही नानांचं तसंच. आमच्याकडं चैत्रात मारुतीच्या देवळापुढं सप्ता बसतो. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं आंघोळ करून, पोटात अन्न न घालता उभं राहायचं आणि नुसतं नाम घ्यायचं. दुसरा शब्द बोलायचा नाही. पहाटेच्या पहाऱ्याला माणसं भांडतात. दुपारचा बारा ते दोन, पत्रा तापलेला, तो कुणालाच नको. तो बावीस वर्षं नानांचा.

पेन्शन सुरू झाली त्याच साली छबूबाईंच्या अंगावरनं वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं. तेव्हापासून नानाच त्यांना न्हाऊ घालायचे, भरवायचे आणि ओट्यावर बसवून वेणी घालायचे. एकदा पारावरून एक जण ओरडला, "नाना, वेणी लई झ्याक जमती की तुमाला!"

"जमती ना," नाना कंगवा न थांबवता म्हणाले. "तुझ्या बायकुला इचार, तिच्या डोक्याला तुझा हात कधी लागलाय का?"

एका सालच्या सप्त्यात पेच पडला. स्नेहलची कॉलेजची परीक्षा, शेजारीण माहेरी गेलेली, मुलगा श्रीगोंद्याला कारखान्यावर. छबूबाईंना एकटं ठेवून चालत नव्हतं आणि पहारा सोडायचा नव्हता. नानांनी दुधाच्या टेम्पोत बायकोसकट खाट घातली, मंडपात आणून खांबाजवळच्या सावलीत टाकली आणि वीणा गळ्यात घेतली.

पंगत उठवून ढेकर देत बापू आले. "नाना, हे काय? वैनींचं सगळं खाटेवरच असतं. वीणेपाशी विटाळ होतो. खाट भाईर न्या."

नाना बोलणार कसे? वीणा गळ्यात. "रामकृष्णहरी," ते म्हणाले, पण असं म्हणाले की बापू दोन पावलं मागं सरले.

"वैनी, तुमी तरी ऐका."

"मी कुटं अडीवलंय," छबूबाई म्हणाल्या. "माजं मला हालता येत न्हाई. तुमाला हालवता येत आसंल तर हालवा."

बापूंनी दोन पोरांना खूण केली. पोरं खाटेकडं निघाली तसे नाना नाम घेत मधे आले आणि त्यांनी बापूंपुढं मान वाकवली. घ्या वीणा. तुम्ही उभे राहा, मी हिला घरी नेतो. सगळ्यांना न बोलता कळलं. बापूंचं पोट पुरणपोळीनं तट्ट. पोरांची आंघोळ नाही. एकही गळा पुढं होईना. खाट राहिली.

बापूंनी मग दुसरा डाव टाकला. दोनच्या आणि चारच्या पहारेकऱ्यांना निरोप गेला: जाऊ नका, उभा राहू द्या म्हाताऱ्याला. तीन वाजले, चार वाजले. नाना एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत नाम घेत राहिले. पेपर देऊन स्नेहल पळतच आली, आजीला गोळी दिली, आजोबांच्या तोंडाला तांब्या लावला. "आजोबा, बसा ना!" नानांनी मान हलवली. छबूबाई खाटेवरून डाव्या हातानं मांडीवर ताल धरत राहिल्या.

पाचला हरिपाठाच्या बाया आल्या. त्यांनी एकदा नानांकडं बघितलं, एकदा बदली पहारेकऱ्याच्या रिकाम्या जागेकडं, आणि मंडपात जिथं रोज बसत तिथं न बसता त्या खाटेला वेढा घालून बसल्या. हरिपाठ कुणी सुरू करीना. बापूंची मुक्ताबाईसुद्धा त्यांच्यातच. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "दुपारचं जेवान जिरलं आसंल आता. आंगुळ करून या. आमी थांबतो."

बापू ओल्या डोक्यानं परत आले. काही न बोलता त्यांनी मान पुढं केली. नानांनी वीणा काढून त्यांच्या गळ्यात घातली, त्यांच्या पाया पडले, कारण पाया वीणेच्या पडायचं असतं. मग पाच तास दाबून धरलेलं बोलले.

"श्रीमंता, उद्या बाराला येतो. खांबापाशी ऊन येतंय, खाटेला दुसरी जागा बगून ठिव."

वीणा आता बापूंच्या गळ्यात. ते म्हणाले, "रामकृष्णहरी."