वाचक क

घरात तिला सगळे खारू म्हणत. कागदाचा कपटा दिसला की उचलून जपून ठेवायची, म्हणून लहानपणी मामानेच हे नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती ग्रंथालयशास्त्र शिकायला लागली तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, आता कपटे जपायचा पगार मिळेल." सकाळी कॉलेज, संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर काम. माणसाचं नाव ती हमखास विसरे, पण तो काय वाचतो ते तिच्या डोक्यातून जात नसे. पोरगी हुशार, पण आपली हुशारी दाखवल्याशिवाय तिला राहवत नसे. घोडं पेंड खायचं ते इथंच.

विद्यार्थ्यांच्या शोधनिबंध स्पर्धेसाठी तिने विषय घेतला तो वाचकांच्या भल्याचाच. वाचनालयं देवघेवीच्या नोंदींतली नावं खोडतात आणि मग त्या खुशाल कुणाच्याही हाती देतात. खारूचं म्हणणं, नाव खोडून माणूस लपत नाही. तो काय वाचतो त्यावरून कुणीही त्याच्या दारापर्यंत पोचेल.

"नुसतं म्हणून चालायचं नाही," मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "एक तरी वाचक शोधून दाखव."

आता शोध बरोबर लागला की चुकला हे ताडून बघायचं, तर आधीच ओळखीचा माणूस हवा. तो घरातच होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, पाणी खात्यात मीटर वाचायचा, जिन्याखालच्या खोलीत राहायचा आणि गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा. त्याला तिने विचारलं नाही. बक्षीस मिळालं की चकित करू, असा बेत. निबंधात तो झाला 'वाचक क'. त्याने नेलेली पुस्तकं तीन तऱ्हेची: मधमाश्या पाळण्याची, मधुमेहाच्या पथ्याची आणि पाण्यातली विषं तपासण्याची. 'घरात मध असून मध वर्ज्य असलेला असा दुसरा माणूस गावात नसावा,' असं एक चटकदार वाक्यही तिने टाकलं. मॅडमनी त्याखाली 'छान' लिहिलं.

स्पर्धेला तीन परीक्षक होते. दोघा प्राध्यापकांनी संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवरून तिचा जीव खाल्ला. तिसरा बक्षिसं देणाऱ्या कारखान्याचा माणूस, परीटघडीचा शर्ट आणि अगदी मऊ आवाज. त्याने एकच विचारलं.

"हा वाचक क अजून येतो का हो वाचनालयात?"

"येतो ना, दर शनिवारी!"

त्याने ते टिपून घेतलं. पहिला क्रमांक खारूचा आला. ढालीवर नाव कोरायचं राहिलं होतं. "मी स्वतः घरी आणून देतो," तो म्हणाला. "पत्ता अर्जात आहेच."

दुसऱ्या कुणाच्या मनात एवढ्यावरही पाल चुकचुकली असती. खारूला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला होता.

शुक्रवारी दुपारी मामा जेवायला घरी आला तेव्हा तिने निबंध त्याच्या हातात ठेवला. तो उभ्याउभ्याच वाचू लागला आणि अर्ध्यावर खाली बसला.

"पाण्याची पुस्तकंही घातलीस होय?"

"मग? काय झालं?"

मामाने दार लोटून घेतलं. कारखाना नदीत काय सोडतो, त्यावर साप्ताहिकात बिननावी लेख येत होते. गावभर त्यांची चर्चा होती. खारूनेही ते चवीने वाचले होते. ते आपल्याच जिन्याखाली लिहिले जातात याचा तिला पत्ता नव्हता. आधी एकाने स्वतःचं नाव घालून लिहिलं होतं. त्याची सायकल कालव्याच्या काठी सापडली. तो सापडला नाही.

खारूने त्याच्या हातातला निबंध काढून घेतला. "मामा, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला कसं असणार? ताईला सांगू नकोस, उगाच घोर लावून घेईल." त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. "पेट्या तेवढ्या हलवायला हव्यात."

"आत्ताच हलवू!"

"माश्या बाहेर आहेत. अंधार पडून सगळ्या आत आल्याशिवाय पेटी उचलता येत नाही. मी टेम्पो बघून येतो."

तो गेला, आणि थोड्याच वेळात बेल वाजली. दारात ढाल घेऊन परीटघडीचा शर्ट.

"नाव नीट कोरलंय का बघा." त्याच्या बाहीवर एक माशी येऊन बसली. त्याने हलकेच फुंकर मारून ती उडवली आणि वर पाहिलं. "मधमाश्या वाटतं?"

"शेजाऱ्यांच्या," खारू घाईने म्हणाली.

"अगं, शेजाऱ्यांच्या कशा?" आई चहा घेऊन बाहेर आली. लेकीचं बक्षीस घेऊन आलेला पाहुणा. तिला काय करू नि काय नको झालं होतं. "माझ्या भावाच्या आहेत त्या. घरचा मध देते बाटलीभर. त्या बिचाऱ्याला चाटायचीही सोय नाही, साखर आहे ना त्याला."

खारूने आईचा पदर ओढला. आईने तो सोडवून घेतला आणि मध आणायला आत गेली.

पाहुण्याने चहा सावकाश संपवला. बाटली घेतली, आभार मानले.

"थांबा ना, येईलच तो एवढ्यात," आई म्हणाली.

"नको, घाई कसली? उद्या शनिवारच आहे. वाचनालयात भेटतील."

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत आई कौतुकाने बघत राहिली.

"मामाचा शनिवारसुद्धा ठाऊक आहे त्यांना," ती म्हणाली. "जुनी ओळख दिसते. किती सज्जन माणूस, नाही गं?"