हवालदारांची सरळ रांग

हवालदारांना वाकडं काही खपायचं नाही. ते आमच्या जतच्या शाळेचे रखवालदार, पण सकाळी आल्याबरोबर आधी पोरांच्या सायकली एका रेषेत लावून घ्यायचे. शिक्षकांच्या चपलाही सुटत नसत. "सर, लाइन सीधी पायजे. वाकड्या लायनीत चांगला मानूस बी वाकडा दिसतो," म्हणत माझी चप्पल त्यांनी एकदा पायानंच सरकवली होती. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या या माणसाचा दरारा मुख्याध्यापकांपेक्षा जास्त होता.

त्यांचं गाव आत, कर्नाटकच्या बाजूला. तिथल्या मुली सकाळच्या एसटी गाडीनं शाळेत यायच्या. त्यांत त्यांची नात पूनमही होती. एके दिवशी ती गाडी बंद झाली. प्रवासी मिळत नाहीत, एवढंच उत्तर मिळालं. काही मुली चालत येऊ लागल्या, काही घरीच बसल्या. हवालदारांनी अर्ज करून पाहिले, हेलपाटे घातले. मग म्हणाले, "आता उभं ऱ्हायला पायजे, सर. दिसलं तरच इचारतील."

तेव्हा जमावबंदी होती. हवालदारांनी शक्कल लढवली. गावातल्या सात-आठ बायकांनी जतच्या तहसील कचेरीसमोर लांब लांब, एकेकटं उभं राहायचं. घोषणा नाही, फलक नाही. "एकट्या बाईचा जमाव कुठनं व्हनार?" असं त्यांचं म्हणणं.

बेत चांगला होता, पण हवालदारांचा सरळ रेषेचा डोळा आड आला. मधल्या सुट्टीत मी बघायला गेलो, तर ते एकीला पुढं, दुसरीला मागं करत होते. फौजदार जीपमधून उतरले तेव्हा सगळ्या बायका उंचीप्रमाणे, सारख्या अंतरावर, एका रेषेत उभ्या होत्या.

"या सगळ्या आपापल्या कामाला आल्यात व्हय, हवालदार?"

मलाही हसू आलं. फौजदार भला माणूस होता. कचेरीत काम आहे म्हणा आणि घरी जा, असं त्यांनी सुचवलंही. पण साहेबासमोर खोटं बोलणं हवालदारांच्या रक्तात नव्हतं. "न्हाई साहेब. पोरींची गाडी बंद केली, त्याच्या निषेधाला उभं हाय."

"मग परवानगी लागते."

"एकेकटं उभं हाय की."

"विनाकारण घुटमळता येत नाही."

"कारन तर सांगितलं, साहेब."

"कारण सांगितलंत म्हणूनच आंदोलन झालं ना."

हवालदार जाऊन जीपमध्ये बसले. मला मात्र संताप आला. बंद दुकानांची कुलपं चाचपत फिरणाऱ्याला आणि भर दुपारी आपलं म्हणणं घेऊन गुमान उभ्या असलेल्या बाईला घुटमळण्याचा एकच नियम कसा लावायचा, हे मला आजही पटत नाही.

ठाण्यात हवालदारांपुढं दोन वाटा ठेवल्या गेल्या. पुन्हा कचेरीसमोर थांबणार नाही असं लिहून द्यायचं, नाहीतर गुन्हा. गुन्हा नोंदला की रखवालदारी जाणार, आणि पूनमचं शिक्षण त्या पगारावर चाललेलं. त्यांनी सही केली. बायका मुकाट्यानं गावी गेल्या.

चालत येणाऱ्या मुलींना रोज उशीर व्हायचा. घंटा झाली की गेट लावायचं, हा शाळेचा नियम. ते लावायचं हवालदारांनीच. मुली बाहेर ताटकळायच्या. एका सकाळी मुख्याध्यापक म्हणाले, "गेटासमोर मुली घुटमळताना बरं दिसत नाही. परत पाठवा त्यांना."

हवालदारांनी तो निरोप गजाआडून सांगितला. मी तिथंच उभा होतो. पूनम म्हणाली, "आवं आजा, मग आमी उभं तरी कुठं ऱ्हायाचं?"

हवालदारांनी खिशातून किल्ली काढली. मग त्यांनी कुलूप काढलं, मुलींना आत घेतलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"हवालदार, नोकरी जाईल," मी म्हणालो.

"हिच्यासाठीच धरली हुती. आन हिलाच भाईर ठेवतोय. लय कोंडल्यागत झालंय, सर."

ते कचेरीच्या दिशेनं चालू लागले. वर्ग कसाबसा संपवून मी धावत गेलो, तेव्हा पोलिसांच्या गाडीत, जाळीमागं ते ताठ बसले होते. मी गाडीजवळ गेलो. ते जाळीजवळ वाकले.

"सर, पोरींच्या नावापुढं उशीर लिवू नका. उशीर त्यांनी केलेला न्हाई."